मस्कटीन : मिसिसिपीच्या वळणावरचं बटणांचं गाव

मिसिसिपी म्हटलं की सरळ उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी नदी असं आपल्या डोक्यात असतं, पण अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या पूर्व कडेला डॅव्हनपोर्ट शहरापासून पुढचा थोडा पट्टा ती चक्क पश्चिमेकडे वाहते आणि मग एकदम दक्षिणेला वळते. त्या वळणावर मस्कटीन आहे. लोकसंख्या आजही 24 हजारांच्या आसपास. मागे उंच टेकाड, समोर रुंद नदी, आणि गावाच्या दक्षिणेला नदीनेच आणून टाकलेली सपाट रेताड जमीन, जिच्यात खरबूज आणि कलिंगड झकास येतं आणि मस्कटीनचं खरबूज त्या भागात आजही नाव काढून मागतात. 1893 साली केचपवाल्या हाइन्झ कंपनीने पिट्सबर्गबाहेरचा आपला पहिला कारखाना इथे काढला त्यालाही आजूबाजूची ही शेतीच कारणीभूत.

गावाचं जुनं नाव ब्लूमिंग्टन, 1849 मध्ये ते मस्कटीन झालं. पहिला मोठा धंदा लाकडाचा. वर विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातली पाइनची झाडं तोडायची, ओंडके एकत्र बांधून तराफे करायचे, नदीतून खाली सोडायचे आणि इथल्या सॉ मिलमध्ये फळ्या पाडायच्या. वरची जंगलं संपत आली तशा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिलही थंडावत गेल्या.

नेमक्या त्याच काळात जॉन बेपल नावाचा जर्मन कारागीर इथे आला. हॅम्बर्गजवळचा माणूस, हाडं, शिंगं आणि शिंपल्यांपासून बटणं करणारा. अमेरिकेत नद्यांत जाड कवचाचे शिंपले मिळतात एवढ्या माहितीवर तो 1887 मध्ये देश सोडून आला होता. 1890 च्या मॅकिन्ले कायद्याने बाहेरून येणाऱ्या बटणांवर जबरदस्त जकात बसली आणि इथे बनवलेलं बटण एकदम परवडायला लागलं, आणि 1891 मध्ये बेपलने मस्कटीनला काम सुरू केलं. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत त्या जकातीला जितकं श्रेय मिळायला हवं तितकं मिळत नाही, कारण शिंपले तर हजारो वर्षं तिथेच पडून होते.

शिंपले काढायची पद्धत अगदी साधी. एका लांब दांड्याला दोऱ्या, दोऱ्यांना बोथट हुक, आणि तो दांडा होडीमागे नदीच्या तळावरून ओढत न्यायचा. शिंपला तोंड उघडून बसलेला असतो, हुक आत लागला की घट्ट मिटतो आणि तसाच लटकत वर येतो. मग काठावर मोठ्या टाक्यांत ते उकळायचे, मांस काढून टाकायचं (त्या वासाबद्दल न बोललेलंच बरं), एखाद्यात मोती सापडला तर नशीब, आणि कवचं कारखान्यात. तिथे ती पाण्यात भिजवायची, नळीसारख्या गोल करवतीने चकत्या कापायच्या, मग घासणं, भोकं पाडणं, पॉलिश. कापायचं काम पुरुषांचं, पुढचं बरंचसं बायका आणि मुलींचं, आणि कार्डांवर बटणं शिवायचं काम तर घराघरात पोराबाळांसकट चालायचं. गावातल्याच बॅरी कुटुंबाने घासणं आणि भोकं पाडणं एकत्र करणारं ऑटोमॅटिक मशीन काढल्यावर वेग प्रचंड वाढला. 1905 मध्ये एकट्या मस्कटीनने 150 कोटी बटणं केली, जगातल्या बटणांपैकी 37 टक्के, असा आकडा सांगितला जातो.

पण पैसा कामगारापर्यंत पोचत नव्हता. मजुरी नगावर, आणि नग मोजणार मालक. त्यात करवतीचे धोके, शिंपल्याची धूळ, ओलावा. 1911 मध्ये कामगारांनी युनियन केली आणि जो झगडा पेटला तो 1912 पर्यंत चालला, गव्हर्नरने गावात सैनिक पाठवले. त्यात पर्ल मॅकगिल नावाची वीशीही न ओलांडलेली मुलगी पुढे होती, इथून ती मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या गिरणी कामगारांच्या संपातही गेली. कारखानदारांच्या इतिहासात तिचं नाव तळटीपेसारखं येतं, हे मला खटकतं. बेपलचंही काही भलं झालं नाही. हातकामावर अडून बसलेला हा माणूस आपल्याच धंद्यातून बाहेर पडला, सरकारी मत्स्यविभागात शिंपल्यांचा जाणकार म्हणून लागला आणि शिंपल्याने पाय कापून झालेल्या संसर्गाने 1912 मध्ये वारला.

शिंपले कमी का झाले याचं एका शब्दातलं उत्तर म्हणजे उपसा, आणि ते खरंच आहे, पण अर्धंच. शिंपल्याची पिल्लं जन्मल्यावर काही काळ माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मासा नाही तर पिल्लू जगत नाही. बटणांसाठी सगळ्यात जास्त मागणी असलेल्या एबनीशेल जातीला स्किपजॅक हेरिंग हा मासा लागायचा, आणि 1913 मध्ये खाली कीओककला धरण झालं तेव्हा त्या माशाची वर यायची वाटच बंद झाली. म्हणजे एकीकडून ओरबाडणं चालू आणि दुसरीकडून नवीन पैदास थांबलेली. शिवाय शेतातला गाळ, गावांचं सांडपाणी, आणि 1930 च्या दशकात जहाजांसाठी बांधलेली धरणांची रांग, ज्यातलं 16 नंबरचं मस्कटीनलाच आहे. वाहती नदी म्हणजे तळ्यांची माळ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकने उरलासुरला धंदा नेला, 1960 च्या दशकात शिंपल्याचं बटण कापणं थांबलं आणि इथल्या काही कंपन्या प्लॅस्टिक बटणांवर गेल्या. नदीतली कवचं मात्र जपानला जात राहिली, कारण मोत्याच्या शेतीत कालवात जो मणी ठेवतात तो अमेरिकन शिंपल्याचा लागतो.

धंदा जोरात असतानाच मस्कटीनच्या वरच्या अंगाला फेअरपोर्टला सरकारने एक केंद्र काढलं होतं. शिंपल्याची पिल्लं मुद्दाम माशांच्या कल्ल्यांवर चिकटवायची आणि ते मासे नदीत सोडायचे, असं काम तिथे वर्षानुवर्षं चाललं. बटणवाल्यांना त्याने वाचवलं नाही, पण हिगिन्स आय नावाची शिंपल्यांची नामशेष होत चाललेली जात वाचवायला आज मिसिसिपीवर हीच युक्ती वापरतात.