लिनक्सवर बाहेरची हार्ड डिस्क उघडत नसेल तर
(आमच्याकडून लिनक्स बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नाशिक)

सर्वप्रथम एक विनंती. संगणकाला जोडलेली हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड उघडले नाही, तर ते खराब झाले असे समजू नये, आणि कोणी कितीही आग्रहाने सुचवले तरी ते फॉरमॅट करू नये (म्हणजे आधीचे पुसून नव्याने मांडू नये). प्रत्येक डिस्कवर कोणती फाइल कोठे ठेवली आहे याची एक नोंदवही असते. तिच्या मांडणीला फाइल सिस्टीम म्हणतात. पंचवटीतील तीर्थपुरोहितांच्या जुन्या वहीतील मोडी आपल्याला वाचता आली नाही, म्हणून ती वही कोरी ठरत नाही. येथेही नेमके तसेच आहे.

ही अडचण सर्वाधिक येते ती एक्सफॅट या फाइल सिस्टीमबाबत. मायक्रोसॉफ्टने ती 2006 मध्ये आणली, आणि 32 जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डे प्रमाणित पद्धतीनुसार याच मांडणीत येतात, त्यामुळे लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या आमच्या ग्राहकांना ती टाळता येत नाही. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये एक्सफॅटचा तपशील खुला केला आणि 2020 मधील लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.7 पासून सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर, म्हणजे ही मांडणी वाचणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्येच मिळू लागला. म्हणून आपल्याकडे उबुंटू 22.04 किंवा त्यावर आधारित लिनक्स मिंट 21 असेल, तर कार्ड जोडताच उघडायला हवे. उबुंटू 18.04 किंवा मिंट 19 मात्र अजूनही अनेक कार्यालयांत चालू आहे. तेथे ‘अननोन फाइलसिस्टीम टाइप’ असा संदेश येतो. त्यावर उपाय म्हणजे उबुंटूच्या ‘युनिव्हर्स’ या ऑनलाइन सॉफ्टवेअर भांडारातून एक्सफॅट-फ्यूज आणि एक्सफॅट-यूटिल्स ही दोन पॅकेजेस बसवणे. इंटरनेट चालू असेल तर हे काही मिनिटांचे काम आहे आणि त्यामुळे कार्डावरील डेटाला कोणताही धक्का लागत नाही. नव्या आवृत्त्यांत एक्सफॅट-यूटिल्सच्या जागी एक्सफॅटप्रॉग्ज आले आहे. कार्ड नुसते वाचायचे असेल तर त्याची गरज नाही, मात्र लिनक्सवरच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचे असेल किंवा कार्ड तपासायचे असेल तर ते लागते. टर्मिनलमधील (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतील) आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागत असल्याने त्यांची छापील चिठ्ठी आम्ही काउंटरवर ठेवली आहे. कृपया मागून घ्यावी.

विंडोजवर वापरलेल्या मोठ्या हार्ड डिस्क बहुधा एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमच्या असतात. उबुंटूमध्ये त्यासाठीचा एनटीएफएस-3जी हा ड्रायव्हर सहसा आधीच असतो, त्यामुळे डिस्क दिसते. तक्रार येते ती ‘फाइल वाचता येते, पण नवी ठेवता येत नाही’ अशी. याचे नेहमीचे कारण लिनक्समध्ये नसून विंडोजमध्ये असते. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय संगणक पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवते, किंवा कोणी डिस्क तशीच ओढून काढलेली असते, आणि मग नोंदवही अपुरी राहिली आहे असे पाहून लिनक्स त्यात लिहिण्यास नकार देते. आमच्या मते हा नकार योग्यच आहे; तो जबरदस्तीने मोडून काढण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, पण आम्ही ते करून देत नाही. डिस्क पुन्हा विंडोजला जोडावी, तिची त्रुटी-तपासणी करावी, शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ निवडावे आणि संगणक पूर्ण बंद झाल्यावरच डिस्क काढावी.

डिस्क काढण्याविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. लिनक्समध्ये कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी सर्व फाइल डिस्कवर पोहोचलेली असतेच असे नाही. काही भाग मेमरीत थांबलेला असतो आणि डिस्कवरील दिवा अजून लुकलुकत असतो. आमच्याच टेबलावर एकदा घाईत काढलेल्या पेन ड्राइव्हवरील चित्रफीत शेवटी अर्धीच निघाली, तेव्हापासून आम्हीही ‘इजेक्ट’ दाबून, डिस्क काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत हात मागे ठेवतो. एक्सफॅटमध्ये एनटीएफएसप्रमाणे बदलांची पूर्वनोंद ठेवण्याची व्यवस्था नसल्याने तेथे ही काळजी दुप्पट घ्यावी; कॉपी चालू असताना वीज गेली तरी तोच धोका असतो.

नवी डिस्क कोणत्या मांडणीत ठेवावी, असे विचारले जाते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर फिरवायची असल्यास एक्सफॅट ठेवावी. फॅट32 ही जुनी फाइल सिस्टीम सगळीकडे चालते, परंतु तिच्यात 4 जीबी किंवा त्याहून मोठी एकही फाइल बसत नाही, मग डिस्कवर कितीही जागा शिल्लक असो. डिस्क केवळ लिनक्सच्या बॅकअपसाठी असेल तर एक्स्ट4 ही लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टीम घ्यावी, कारण एक्सफॅटमध्ये फाइलची मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. मात्र अशी डिस्क विंडोजला जोडल्यास विंडोज ती फॉरमॅट करण्याविषयी विचारते. तेथे ‘रद्द करा’ हेच उत्तर द्यावे.

दुकानात येताना डिस्क, तिची मूळ केबल आणि पडद्यावरील संदेशाचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत आणावा. डिस्क चुकून फॉरमॅट झालीच असेल, तर तिच्यावर पुढे एकही फाइल न ठेवता ती तशीच आणावी.