ड्रम ब्रेक म्हणजे कमजोर ब्रेक?

हॉट रॉडच्या (जुन्या गाड्या बदल करून वेगवान बनवण्याच्या छंदाच्या) गप्पांमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘जुन्या फोर्डचे ड्रम काढून डिस्क लावल्याशिवाय गाडी थांबणार नाही.’

ड्रम ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला (ड्रमला) आतून दोन अर्धगोल ‘शू’ दाबतात; डिस्कमध्ये फिरत्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड पकडतात. आधी साधी गोष्ट. एका झटक्यात गाडी किती अंतरात थांबेल, ते शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं. ब्रेक चाक लॉक करू शकत असेल तर आणखी ताकदीचा उपयोग नाही. डिस्कचा खरा फायदा वारंवार ब्रेक मारताना दिसतो: ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर सरकतो आणि पॅडल खाली जातं. घाटात हा फरक चांगलाच जाणवतो.

मग ही समजूत आली कुठून? १९३९ ते १९४८च्या फोर्ड गाड्यांमध्ये लॉकहीड पद्धतीचे हायड्रॉलिक ब्रेक होते. त्यात दोन्ही शू खाली वेगवेगळ्या पिनांवर टेकतात, एकमेकांना मदत करत नाहीत. पाय जोरात दाबावा लागतो. बेंडिक्स पद्धतीत वर एकच पिन असते आणि खाली दोन्ही शू अॅडजस्टरने जोडलेले असतात. फिरता ड्रम पुढचा शू ओढतो, तो मागच्याला रेटतो. जोर आपोआप वाढतो. म्हणूनच फोर्डच्या एफ-१ पिकअपचे बेंडिक्स पद्धतीचे ब्रेक या जुन्या गाड्यांना बसवण्याची पद्धत जुनी आहे.

ओळखायचं कसं? ड्रम काढा, पिना मोजा. बेंडिक्समध्ये आखूड लायनिंगचा (शूवरच्या घर्षणपट्टीचा) शू पुढेच हवा. उलटा बसला की चांगला ब्रेकही बदनाम होतो (हे फार वेळा घडतं). मग मोकळ्या जागेत, हळू वेगात तपासा: गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी अॅडजस्टमेंट बघा, डिस्कचा खर्च नंतर.