राव, नरसिंह : नेतृत्वाचे पुनर्मूल्यांकन

१९९१ च्या परकीय चलनसंकटात पंतप्रधान झालेले पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव (२८ जून १९२१ – २३ डिसेंबर २००४) यांच्या गुणदोषांची पुढे झालेली फेरमांडणी. पदावर असताना त्यांचे मौन व दिरंगाई नावे मांडली गेली. साधारण २०१५ नंतरच्या लेखनात तीच जमेच्या बाजूला आली.

रावांचा पुण्याशी संबंध विद्यार्थिदशेतला, पण त्याचा तपशील एकसारखा मिळत नाही. १९३८ च्या सुमारास वंदे मातरम् आंदोलनात भाग घेतल्याने उस्मानिया विद्यापीठ सोडावे लागले, याबद्दल दुमत नाही. पुढे काही परिचयांत फर्ग्युसन महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतल्याचे म्हटले आहे. ते संभवत नाही. फर्ग्युसन कला व विज्ञानाचे, कायद्याचे महाविद्यालय टेकडीच्या कडेने पुढे, निराळे. शासकीय परिचयात उस्मानिया, मुंबई व नागपूर अशी तीन विद्यापीठे येतात. पुणे विद्यापीठ १९४९ च्या आसपास सुरू झाले, तोवर फर्ग्युसनच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्याच असत. तेव्हा विज्ञानाची पदवी पुण्यात व कायद्याची नागपुरात, हा क्रम अधिक ग्राह्य वाटतो. मराठीवरील त्यांच्या प्रभुत्वाचा पुरावा मात्र छापील आहे : हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’चा त्यांनी केलेला तेलुगू अनुवाद, ‘अबला जीवितम्’. १९८४ व १९८९ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले तेही महाराष्ट्रातून, रामटेकमधून.

संकटाची हकिगत परिचित आहे. २१ जून १९९१ रोजी रावांचा शपथविधी झाला तेव्हा गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती होती. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे ४६.९१ टन सोने परदेशी गहाण पडले. मे महिन्यात जप्तीचे २० टन सोने विकण्याचा व्यवहार झाला तो आधीच्या चंद्रशेखर सरकारच्या काळात. हे दोन व्यवहार लोकस्मृतीत एक झाले आहेत, ते वेगळे ठेवावेत.

श्रेय कोणाचे, हा वादाचा मुख्य मुद्दा. एका मतानुसार सुधारणा अर्थमंत्री मनमोहन सिंग यांच्या, राव केवळ आड न आलेले पंतप्रधान. दुसऱ्या मतानुसार शिल्पकार रावच. तिसरे मत असे, की आराखडा अधिकाऱ्यांच्या टिपणांत आधीपासून तयार होता, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींनी तो पुढे रेटला. या तिसऱ्या मताला कागदपत्रांचा आधार चांगला आहे; पण तयार टिपण अल्पमतातल्या सरकारकडून संसदेत कसे उतरले, याचे उत्तर त्यात नाही, आणि रावांचा वाटा तिथेच शोधावा लागतो.

त्यासाठी २४ जुलै १९९१ चा दिवस पाहण्याजोगा आहे. उद्योगखाते रावांनी स्वतःकडे ठेवले होते. १८ उद्योग वगळता बाकीच्यांना लागणारा सरकारी परवाना रद्द करणारे नवे धोरण मात्र राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी सभागृहात ठेवले, तेही अर्थसंकल्पाच्याच दिवशी, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे मथळे अर्थसंकल्पाने व्यापावेत अशा बेताने. मंत्रिमंडळात कुरकुर झाल्यावर मसुद्याला नेहरू, इंदिरा व राजीव यांचे स्मरण करणारी प्रस्तावना जोडली गेली. कलमे जवळपास होती तशीच राहिली. नेहरूंच्या नावाने परवानाराज मोडण्याची ही रीत तेव्हा लपवाछपवी वाटली, आता तिला चातुर्य म्हणतात.

याच काळातला उलटा दाखलाही आहे. रुपयाचे अवमूल्यन १ व ३ जुलै अशा दोन हप्त्यांत झाले. डॉलरचा भाव सुमारे २१ रुपयांवरून २६ च्या घरात गेला. पहिल्या हप्त्यानंतर राव कचरले आणि दुसरा थांबवण्याचा निरोप निघाला, पण तो पोचेतो रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर चक्रवर्ती रंगराजन यांनी काम उरकले होते, अशी आठवण सत्तावर्तुळातून पुढे आली आहे. ‘शिल्पकार’ मताचे लेखक या प्रसंगावर फार थांबत नाहीत.

पुण्यापुरते पाहता धोरणाचा परिणाम स्कूटरवरून मोजता येतो. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याचे मूळ उत्पादनक्षमतेवरच्या परवान्यात होते. तो परवाना गेल्यावर, १९९३ मध्ये, परदेशी कंपन्यांशी बरोबरीची संधी मागणाऱ्या ‘बॉम्बे क्लब’ या उद्योगपतींच्या गटाचा ठळक आवाज होता राहुल बजाज यांचाच. नियोजनाची परंपरा सांगणाऱ्या, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या शहरात बदलाचे स्वागत सरसकट झाले नाही.

बाबरी मशीद (६ डिसेंबर १९९२), शेअर घोटाळा आणि अविश्वास ठरावावेळी खासदारांना लाच दिल्याचे झारखंड मुक्ती मोर्चा प्रकरण (राव २००० मध्ये दोषी, २००२ मध्ये निर्दोष) यांवर अर्थव्यवस्थेची पुण्याई लागू करण्याचा मोह काही लेखकांना होतो. बाबरीच्या वेळी थांबून राहणे आणि जुलैतले स्वतः मागे राहणे एकाच स्वभावाचे, हे मान्य केले तरी पहिल्याची किंमत दुसऱ्याने फिटत नाही. निधनानंतर रावांचे पार्थिव काँग्रेस मुख्यालयाच्या फाटकाबाहेरूनच हैदराबादला गेले. भारतरत्न जाहीर झाले ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, भाजपच्या राजवटीत.