उदासिनीकरणाच्या समीकरणातला ‘2’ आला कुठून?

आम्ल आणि अल्कली एकमेकांचा प्रभाव संपवतात ते उदासिनीकरण; H₂SO₄ + 2NaOH → Na₂SO₄ + 2H₂O या समीकरणात NaOH च्या आधी असतो तो हा 2. रेणुसूत्रे रूढ होण्याच्या कितीतरी आधी उदासिनीकरणाचे आकडे तराजूवर निघाले होते. 1790 च्या दशकात एका जर्मन रसायनज्ञाने कोणत्या आम्लाला किती अल्कली लागते ते तोलून काढले. 1802 मध्ये या आकड्यांचा एकच तक्ता झाला : सल्फ्युरिक आम्ल 1000 धरले तर सोडा 859, चुना 793. आकडे ढोबळ होते, पद्धत मात्र टिकली.

पुढे बराच काळ सममूल्यभारांचेच, म्हणजे एकमेकांना नेमके पुरे पडणाऱ्या भारांचेच, राज्य होते. हायड्रोजनचा भार 1 तर ऑक्सिजनचा 8 धरायचा, पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. या हिशेबात 31 भाग सोड्याला (म्हणजे सोडियम ऑक्साइडला) 40 भाग निर्जल सल्फ्युरिक आम्ल (म्हणजे सल्फर ट्रायऑक्साइड), म्हणजे सरळ एकास एक. 1860 मध्ये कार्ल्सरूहला परिषद भरली आणि त्यानंतर हळूहळू ऑक्सिजन 16 झाला. मग सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूत दोन हायड्रोजन आले आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या आधी आज मुले विसरतात तो 2 बसला.

जुना हिशेब प्रयोगशाळेत नॉर्मॅलिटीच्या रूपाने उरला : मोलर द्रावणात लिटरमागे मोल मोजतात, नॉर्मल द्रावणात सममूल्यभार. ब्युरेटमध्ये 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि फ्लास्कमध्ये 10 मिली 0.1 मोलर सल्फ्युरिक आम्ल असेल, तर 20 मिली लागते. दोन्ही द्रावणे 0.1 नॉर्मल असतील तर 10 ला 10. समीकरण संतुलित करण्याचे काम द्रावण तयार करतानाच उरकलेले असते : लिटरला 98 नव्हे, 49 ग्रॅम आम्लाचे एक नॉर्मल द्रावण.

आंतरराष्ट्रीय पातळीवर आता हे एकक वापरू नये असे सुचवले जाते. कारण फॉस्फोरिक आम्लाकडे पाहिले की कळते. मिथिल ऑरेंज या दर्शकाचा रंग पालटतो तेव्हा त्याचा एकच हायड्रोजन गेलेला असतो, म्हणून सममूल्यभार 98. फिनॉल्फ्थॅलिन हा दुसरा दर्शक गुलाबी होतो तोवर दोन गेलेले असतात, म्हणून 49. बाटली तीच, नॉर्मॅलिटी दोन. आक्षेप बिनतोड आहे, पण थोडा पुस्तकी. टायट्रेशन करणाऱ्याला आपण कोणता दर्शक टाकला हे ठाऊक असतेच. खरा घोळ होतो तो बाटलीवर नुसते ‘1 नॉर्मल’ लिहून ती दुसऱ्याच्या हाती दिली की.

शिवाय एकक काढून हिशेब जात नाही. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल उदासीन करण्याची क्षमता, काढताना आजही आम्लाचे मिली, नॉर्मॅलिटी आणि 50,000 यांचा गुणाकार करून त्याला नमुन्याच्या मिलीने भागतात. 50,000 म्हणजे 50 गुणिले 1000, आणि त्यातला 50 म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या 100 चा निम्मा.