काचेतलं एर्बियम आणि सीमेवर अडलेला प्रकाश

समुद्राखालची नवी केबल किनाऱ्याला लागली की बातमीत तिची लांबी येते, टेराबिट येतात, जोडलेल्या देशांची यादी येते. एर्बियमचं नाव मात्र कुठेच नसतं. खंडाखंडांना जोडणारं आजचं इंटरनेट ज्या मूलद्रव्याच्या जोरावर चालतं, त्याची ही उपेक्षा मला फार खटकते.

काच कितीही शुद्ध केली तरी ती प्रकाश खातेच. चांगल्या ऑप्टिकल फायबरमध्येही १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश दर १५ किलोमीटरला निम्मा होतो. १०० किलोमीटरवर एक टक्का उरतो. हेच गणित हजार किलोमीटरपर्यंत ताणून बघा. एक मिलिवॅटचा लेसर सेकंदाला सुमारे ७,८०० लाख कोटी फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडतो. त्यातला पलीकडे पोचतो साडेतीन तासांत सरासरी एक!

१९८८ साली अटलांटिकखाली टॅट-८ ही पहिली फायबर केबल सुरू झाली, तेव्हा वाटेतला प्रत्येक रिपीटर प्रकाशाची वीज करायचा, संदेश नव्याने घडवायचा आणि पुन्हा प्रकाश सोडायचा. वेग वाढवायचा तर समुद्रतळावरचे सगळे रिपीटर बदलणं आलं.

याच्या एकच वर्ष आधी, १९८७ मध्ये, साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हिर यांनी वेगळा मार्ग दाखवला होता. वाटेत टप्प्याटप्प्यावर काही मीटर फायबरच्या गाभ्यात किंचित एर्बियम मिसळायचं आणि त्यात एक लेसर सोडायचा, आज बहुधा ९८० नॅनोमीटरचा. एर्बियमचे आयन (विद्युतभारित अणू) ती ऊर्जा घेऊन वर चढतात, थोडे घसरतात आणि मधल्या एका पातळीवर सुमारे १० मिलिसेकंद टिकून राहतात. अणूंच्या जगात हा प्रचंड काळ आहे. तेवढ्यात संदेशाचा फोटॉन तिथून गेला, की आयन खाली उतरतो आणि हुबेहूब तसाच फोटॉन सोडतो: तीच तरंगलांबी, तीच कला (लहरीच्या चढउताराचा ताल), तीच दिशा. एकाचे दोन, दोनाचे चार. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलेलं उद्दीपित उत्सर्जन ते हेच. आणि काच जिथे सर्वांत पारदर्शक असते, नेमकी तीच तरंगलांबी एर्बियमची! शिवाय आसपासच्या अनेक तरंगलांब्या एकाच वेळी वाढतात, त्यामुळे किनाऱ्यावरची यंत्रं बदलून जुन्याच केबलची क्षमता वाढवता येते. काही आयन मात्र फोटॉनची वाट न पाहता आपणहून उतरतात. तो प्रकाश म्हणजे गोंगाट, आणि तो प्रत्येक टप्प्यावर साचत जातो.

‘आता उपग्रह आले, केबलींचे दिवस संपले’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. दुर्गम भागात उपग्रह मोलाचे आहेतच, पण त्यांचा डेटाही भूकेंद्रावर उतरून शेवटी फायबरमध्येच शिरतो.

इतकं सगळं साधून प्रकाश महासागर ओलांडतो, आणि जमिनीवरच्या सीमेपाशी परवान्यांसाठी थांबतो. जगात समुद्रकिनारा नसलेले ३२ विकसनशील देश आहेत. त्यांचं इंटरनेट शेजाऱ्याच्या जमिनीतूनच येणार. किनारा असलेल्या देशातही हा प्रश्न असतो. समुद्री केबली जिथे किनाऱ्याला लागतात ते चेन्नई त्रिपुरातल्या आगरतळ्याहून सरळ रेषेत साडेसोळाशे किलोमीटर. प्रत्यक्षातली वाट सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्याला वळसा घालून जाते. बांगलादेशातलं असंच केबलीचं ठिकाण, कॉक्स बझार, मात्र पावणेतीनशे किलोमीटरवर. २३ मार्च २०१६ रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी तिथून आगरतळ्याला येणारी १० गिगाबिटची जोडणी सुरू केली, आणि त्याच दिवशी त्रिपुरातून बांगलादेशाला १०० मेगावॅट वीज जाऊ लागली.

विजेची आणि प्रकाशाची ही जोडी मला सर्वांत आशादायक वाटते. उच्चदाब मनोऱ्यांच्या माथ्यावरच्या भूतारेत (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेत) फायबर बसवता येतं. सीमा ओलांडणारी वीजवाहिनी उभारतानाच ते फायबर दोन्हीकडच्या दूरसंचार कंपन्यांना भाड्याने देण्याची तरतूद करारात केली, तर त्यासाठी वेगळा चर खणावा लागत नाही.