नाट्यगृहांतील वातानुकूलन व वायुवीजन

नाट्यगृह, संगीतसभागृह किंवा चित्रपटगृह यांतील हवेचे तापमान, आर्द्रता, शुद्धता आणि हालचाल प्रयोगाला व प्रेक्षकांना मानवेल अशा मर्यादेत राखणारी व्यवस्था. थंड प्रदेशांत तापन हा तिचा मोठा भाग असतो. मुंबईत स्वतंत्र तापनयंत्रणेची गरज पडत नाही. तरीही येथे हवा थोडी तापवावी लागते, आणि तीही ऐन पावसाळ्यात.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. तिच्यातील साधारण दोनतृतीयांश भाग भोवतालची हवा तापवतो आणि उरलेला श्वास व घामाच्या बाष्पाबरोबर जातो. एक हजार आसनांचे नाट्यगृह हाऊसफुल्ल असेल, तर केवळ प्रेक्षकांमुळे सुमारे २८ टन शीतनक्षमतेचा भार पडतो आणि तासाला जवळजवळ ५० लिटर पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. रंगमंचावरील जुन्या हॅलोजन दिव्यांची यात मोठी भर पडत असे. एलईडी दिव्यांनी ती बरीच कमी केली आहे.

मुंबईत खरी अडचण उष्णतेपेक्षा दमटपणाची आहे. पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) २५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो, त्यामुळे आत घेतलेल्या ताज्या हवेबरोबर पाणीही येते. ते काढण्यासाठी हवा १२-१३ अंशांपर्यंत थंड करून बाष्पाचे पाणी करावे लागते. प्रेक्षागृह अर्धे रिकामे असेल, तर इतकी गार हवा सोडताच तापमान पटकन उतरते, थर्मोस्टॅट यंत्र थांबवतो आणि बाष्प मात्र हवेत तसेच राहते. मग सभागृह गारही वाटते आणि कोंदटही. यावर उपाय म्हणजे कोरडी केलेली हवा आत सोडण्यापूर्वी किंचित तापवणे. वीजबिलाच्या धास्तीने काही ठिकाणी हे टाळले जाते, किंवा ताज्या हवेचा झडपदरवाजाच बंद ठेवला जातो. त्याने बाष्प कमी येते, पण कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि प्रेक्षकांच्या जांभयांचा दोष बिचाऱ्या दुसऱ्या अंकाला लागतो.

हवा आणि आवाज : नाट्यशास्त्रात नाट्यमंडप पर्वतगुहेच्या आकाराचा, बेताच्या खिडक्यांचा व वारा न शिरणारा असावा, म्हणजे आवाज गंभीर राहतो, असे सांगितले आहे. हवा खेळती ठेवावी तर शब्द विरतो आणि शब्द जपावा तर हवा कोंडते, हा पेच यंत्रांनी सुटला नाही; उलट यंत्रांनी स्वतःच्या आवाजाची त्यात भर घातली. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचे टाटा थिएटर (१९८०) वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी मायक्रोफोनशिवाय ऐकू यावे अशा बेताने आखले. अशा सभागृहात पंख्याची घरघर लपत नाही.

जाळीतून बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला, तर तेथे उठणारा आवाज १५ ते १८ डेसिबलने वाढतो. हा आवाज सळसळीच्या स्वरूपाचा असल्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ह’ यांसारखी मुळातच क्षीण व्यंजने त्यात आधी बुडतात. मागच्या रांगेत नटाचा आवाज पोहोचतो, पण शब्द कळत नाही. म्हणून नाट्यगृहातील डक्ट (हवा वाहून नेणारे पत्र्याचे मार्ग) कार्यालयांतील डक्टपेक्षा पुष्कळ रुंद ठेवून हवा संथ नेली जाते, आतून ध्वनिशोषक अस्तर लावले जाते आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), पंप व ब्लोअर (हवा ढकलणारा मोठा पंखा) प्रेक्षागृहापासून दूर, स्प्रिंग किंवा रबराच्या आधारांवर बसवले जातात. आसनांखालून १८ ते २० अंशांची हवा अगदी हळू सोडायची आणि शरीराच्या उष्णतेने ती आपोआप वर चढल्यावर छतापाशी काढून घ्यायची, ही पद्धत सर्वांत शांत होय. मात्र तिला आसनांच्या उतरणीखाली पोकळी लागते, आणि जुन्या इमारतीत ती मागाहून करणे अवघड असते.

रंगमंचाच्या गरजा प्रेक्षागृहाच्या उलट असतात. पुढच्या रांगेतला प्रेक्षक शाल गुंडाळून बसलेला असतो, तेव्हाच जरीचा शालू आणि केसांचा टोप चढवलेली नटी दिव्यांखाली घामाघूम झालेली असते. दोन्ही भागांतील हवेचा दाब जुळला नाही, तर दर्शनी पडदा शिडासारखा फुगतो. संगीताच्या कार्यक्रमात तबल्याची पुडी दमट हवेत सैल पडून स्वर उतरतो, त्यामुळे वाद्ये लावण्यापूर्वीच एसी सुरू असलेला बरा.

इतिहास : विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यातील दमटपणा आवरण्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची आखणी केली. न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये ते १९२५ मध्ये आले. मुंबईत कुलाब्याच्या रीगल (१९३३) या चित्रपटगृहाने वातानुकूलन हे आपले आकर्षण म्हणून मिरवले. त्याआधीची नाट्यगृहे उंच छत, झरोके आणि पंखे यांवर भागवत. १९११ मध्ये उद्घाटन झालेले रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले.

देखभाल व सुरक्षा : समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने मुंबईत कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पातळ पत्र्या लवकर गंजतात, आणि मळलेला फिल्टर हवेचा ओघ अडवतो. प्रयोग चालू असताना एसी बंद पडल्याच्या तक्रारी मराठी रंगकर्मींनी वेळोवेळी जाहीरपणे मांडल्या आहेत. त्यांतील कित्येक तक्रारींचे मूळ यंत्राच्या क्षमतेपेक्षा हयगयीत असते.

आगीच्या वेळी हीच व्यवस्था घातक ठरू शकते, कारण डक्टमधून धूर सभागृहभर पसरतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ मध्ये ५९ जण दगावले, ते प्रामुख्याने धुराने गुदमरून. त्यामुळे धोक्याचा इशारा होताच ब्लोअर थांबावा, डक्टमधील अग्निरोधक झडपा मिटाव्यात आणि रंगमंचावरील छताचे धूर-झरोके उघडावेत, अशी जोडणी आवश्यक मानली जाते. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला १९०३ मध्ये लागलेल्या आगीत सहाशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा तेथील रंगमंचावरचे झरोके बंदच होते. झडपा व झरोके यांची चाचणी प्रयोग नसलेल्या दिवशी, ब्लोअर पूर्ण वेगाने चालू ठेवून घेतात; कारण स्थिर हवेत सहज मिटणारी झडप वाहत्या हवेच्या दाबाखाली अडकू शकते.