सत्त्व नेमकं जातं कुठे?

पालक उकडून चाळणीत उपसला की खाली हिरवट पाणी उरतं. ‘शिजवलं की सत्त्व जातं’ असं आपण सहज म्हणतो आणि सगळं खापर आचेवर फोडतो. पण बरंचसं सत्त्व जळून जात नाही, ते या पाण्यात उतरतं. क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातली इतर जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी. लोह, पोटॅशियमसारख्या खनिजांना तर उष्णतेने काहीच होत नाही, ती फक्त पाण्याबरोबर जातात. म्हणून भाजी वाफवली किंवा अंगच्याच पाण्यात शिजवली, तर उकडण्यापेक्षा नुकसान खूप कमी होतं. उकडायचीच असेल तर ते पाणी आमटीत किंवा सूपमध्ये घालावं.

पालकाचं पाणी मात्र मी टाकूनच देते. पालकात ऑक्झलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला ते कॅल्शियम फारसं मिळत नाही. काहींना त्यातून मूतखड्याचाही त्रास होतो. हे ऑक्झलेटही बऱ्याच प्रमाणात उकळत्या पाण्यातच उतरतं.

क जीवनसत्त्व सगळ्यांत नाजूक. उष्णता त्याला सोसत नाही, हवाही सोसत नाही. सुरीने पेशी कापल्या गेल्या की त्यांतली विकरं (एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) मोकळी होतात आणि या जीवनसत्त्वाचा नाश सुरू होतो, तोही भाजी गॅसवर चढण्याआधीच. सकाळी चिरून ठेवलेली भाजी संध्याकाळी कितीही जपून शिजवली, तरी गेलेलं परत येत नाही.

टोमॅटोची गोष्ट मला फार आवडते. त्याचा लाल रंग लायकोपीनचा, आणि ते पेशींमध्ये घट्ट अडकून बसलेलं असतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 मध्ये टोमॅटो 88 अंश सेल्सिअसला तापवून पाहिले. अर्ध्या तासात क जीवनसत्त्व सुमारे 29 टक्क्यांनी घटलं, पण मोजता येणारं लायकोपीन अडीच पटींहून अधिक झालं. नवीन काही तयार झालं नव्हतं. पेशींच्या भिंती मऊ पडल्या आणि आतलं बाहेर आलं, इतकंच. गाजरातल्या बीटा कॅरोटिनचंही तसंच. ही दोन्ही द्रव्यं तेलात विरघळणारी, म्हणून शिजवताना चमचाभर तेल हवंच.

लसणाला मात्र आचेआधी थोडी उसंत द्यावी लागते. अख्ख्या पाकळीत तो उग्र वास नसतो. पाकळी ठेचली की ॲलिनेज नावाचं विकर पाकळीतल्याच ॲलिन या द्रव्याला भेटतं आणि उग्र वासाचं ॲलिसिन तयार होतं. ठेचल्याबरोबर लसूण गरम तेलात पडला, तर विकर निकामी होतं आणि ॲलिसिन पुरेसं बनतच नाही. म्हणून मी लसूण आधी ठेचून बाजूला ठेवते आणि मग कांदा चिरायला घेते. दहा मिनिटं तेवढ्यात निघून जातात.